बावीस पावलं

टपालबाईंनी शर्टाची कॉलर उलटी केली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि इस्त्रीचं टोक कडेकडेनं नेलं. वाफ अंगावर आली तशी त्यांनी मान मागे घेतली. शर्ट पाहुण्याचा होता. पाहुणा बनियनवर दारात उभा होता, एक हात पुढे करून, शर्ट केव्हा हाती पडेल याची वाट बघत.

"राहू द्यायचं होतं, मावशी. मी केली असती."

"जावयानं इस्त्री करायची आणि मावससासूनं टकमका बघायचं? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

तो हसला. पाच आठवडे तो असाच हसत होता. ओठ हलायचे, बाकीचा चेहरा जागच्या जागी राहायचा.

त्याची बायको आतून केस बांधत आली आणि दोघांच्या मध्ये अशी उभी राहिली की उजवी बाजू त्यांच्याकडे व्हावी. डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे. कैदेतल्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिथं जोरात मारलं होतं.

"अहो, तुम्ही चहा घेतलात का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"घेतला. तुम्ही?"

"मीही घेतला."

टपालबाईंनी इस्त्री उभी केली. एवढी अदब टपाल कचेरीत बड्या साहेबाशीसुद्धा कुणी राखत नसे. दोघं एकाच खोलीत राहत होती, एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवत होती, आणि तरी बोलणं असं, जणू आजच ओळख झाली आहे आणि निघायची गाडी थोड्याच वेळात आहे. इतकं सोसून आलेली माणसं, जपून वागत असतील एकमेकांशी, असं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला ठेवला होता.

त्या स्वतः अडतीस वर्षं टपालात होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण चर्चच्या मंडळीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. वर्षभरापूर्वी पाळकांनी उपासनेनंतर एक यादी वाचून दाखवली होती. प्रभूचं नाव घेतलं म्हणून तुरुंगात टाकलेल्या, घरं जाळलेल्या, नोकरी गेलेल्या लोकांची. "यांच्यासाठी प्रार्थना करू या, आणि जमेल त्यानं पत्र लिहावं," ते म्हणाले. प्रार्थना सगळ्यांनी केली. पत्र लिहिणारे हळूहळू गळाले. उरल्या टपालबाई. त्यांनी यादीतली एक नर्स निवडली, जिनं आपल्या घरात शेजारणींना जमवून शास्त्र वाचलं म्हणून तिला पकडलं होतं. दर सोमवारी तिला एक आणि तुरुंगाच्या वरिष्ठांना एक, अशी पत्रं त्या लिहीत. अक्षर सुवाच्य, पत्ता चुकूनही चुकायचा नाही. उत्तर कधी आलं नाही.

आणि नवव्या महिन्यात ती सुटली. नवऱ्याबरोबर देश सोडून इथं पोचली. पाळकांनी भर उपासनेत विचारलं, कुणाकडे जागा आहे? विचार करायच्या आधीच टपालबाईंचा हात वर गेला होता. एका वरिष्ठाच्या टेबलावर आपली पत्रं साठत साठत शेवटी त्याला लाज वाटली असणार, असं त्यांना मनातल्या मनात वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण मंडळीतल्या बाकीच्यांनाही तसंच वाटत होतं, आणि ते उघड म्हणत. त्या "छे छे" म्हणत, पण चटकन विषय बदलत नसत.

मंडळी जमायची ते सभागृह एके काळी फर्निचरचं गोदाम होतं. आज लोखंडी खुर्च्यांतली एकही रिकामी नव्हती, कारण आज नर्स सगळ्यांपुढे आपल्या विश्वासाची साक्ष देणार होती. पाळकांनी तीनदा विचारल्यावर ती हो म्हणाली होती.

ती पुढे आली, ध्वनिक्षेपक तिनं थोडा बाजूला सारला.

"मला तुरुंगात तुमची पत्रं मिळत नव्हती," तिनं सुरुवात केली. "ती येतात, हेही माहीत नव्हतं. एकच मिळालं."

टपालबाई दुसऱ्या रांगेत सावरून बसल्या. कोणतं असेल? प्रभूनं वादळ शमवलं त्या नावेवर लिहिलेलं? त्या पत्रासाठी त्यांनी दोन कच्चे खर्डे केले होते.

"ते नळाबद्दल होतं."

सभागृहात कुणीतरी खोकलं.

"न्हाणीघरातला नळ गळत होता. प्लंबर आला. पहिल्या खेपेला टपटप थांबली आणि धार लागली. दुसऱ्या खेपेला धार थांबली आणि पाणीच थांबलं. तिसऱ्या खेपेला तो आपला पाना विसरून गेला, आणि तो न्यायला चौथ्यांदा आला तेव्हा त्यानं भिंतीची एक फरशी फोडली. पत्र तिथं संपत होतं. देवाचं नाव कुठंच नव्हतं, म्हणून तपासणाऱ्यानं ते सोडलं असावं."

टपालबाईंचे कान गरम झाले. त्या सोमवारी त्यांना ताप होता. काही पवित्र सुचेना म्हणून जे डोळ्यांसमोर होतं ते खरडलं होतं, आणि पेटीत टाकू की नको असं करत शेवटी टाकलं होतं.

"आम्ही कोठडीत अकरा जणी होतो. चोरी केलेल्या होत्या, एकीनं नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला होता. मी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं. मग रोज कुणी ना कुणी म्हणायची, वाच गं तुझा नळ. ती वरवंटावाली हसून हसून लोळायची. पुढं काय झालं असेल यावर आमच्यात वाद व्हायचे. मी निघाले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. त्या बाईला भेटलीस तर विचार, नळाचं काय झालं."

ती थांबली आणि दुसऱ्या रांगेकडे बघू लागली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"अजून गळतोय," टपालबाई म्हणाल्या.

गोदामाचे पत्रे हलतील एवढं हसू उसळलं. नर्सही हसली आणि त्या हशातच जागेवर जाऊन बसली. पाळक ती पुन्हा उठेल म्हणून क्षणभर थांबले. ती उठली नाही, तेव्हा तेच पुढे आले. मनाचा लोण्यासारखा माणूस. त्यांचे डोळे भरले होते.

"आमची बहीण विनयापोटी जे बोलली नाही ते मी बोलतो. दर मंगळवारी तिच्यापुढे एक कागद ठेवला जात असे. यावर सही कर, विश्वास सोडला म्हणून लिही आणि घरी जा. नऊ महिने तिनं नाही म्हटलं. एकाही कागदावर सही झाली नाही, आणि तरी प्रभूनं दार उघडलं!"

"आमेन," सभागृह म्हणालं. नर्स समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती.

उपासना संपल्यावर टपालबाईंना तिचा नवरा मागच्या अंगणात सापडला. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला होता. हातात एक कोरा कागद होता आणि तो त्यानं चार वेळा घडी घालून पुन्हा उलगडलेला दिसत होता. टपालबाईंनी चहाचा कप त्याच्या शेजारी ठेवला.

"पाळकांनी दिला," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी सगळ्या मंडळ्यांची मोठी सभा आहे. तिच्या सुटकेची हकीकत एका पानात लिहून द्या म्हणाले. छापायची आहे. संध्याकाळपर्यंत हवी."

"मग लिहा की. अक्षर तुमचं छापल्यासारखं आहे."

तो मूळचा नकाशे काढणारा. पट्टीशिवाय मारलेली त्याची रेघ पट्टीला लाजवायची. आता मात्र तो कागदाची कड नखानं दुमडत होता.

"सही झाली होती, मावशी."

टपालबाई कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"तिनं नाही केली. मी केली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, तुझी बायको ऐकत नाही. तिला परवा दुसरीकडे हलवणार आहोत. तिथून परत आलेलं कुणी मला माहीत नव्हतं. तो अधिकारी म्हणाला, तिची सही नाही तर नाही, नवऱ्याची चालेल. मी आणि माझी पत्नी, आम्ही दोघांनी विश्वास सोडला आहे. दीड ओळ होती. चहा मागवला होता त्यानं. तो यायच्या आत मी सही करून मोकळा झालो."

अंगणापलीकडे मुलं धावत होती. टपालबाईंच्या मनात सगळ्यात आधी जे आलं, त्याची त्यांना पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली. मग माझ्या पत्रांचं काय, असं त्यांच्या मनात आलं होतं.

"तिला ठाऊक आहे?"

"नाही. मी सांगितलं, वरून हुकूम आला. तिनं त्यावर काही विचारलंच नाही. आजतागायत एकदाही नाही." त्यानं कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "देवाशी बोलतो मी. रोज बोलतो, भांडतोसुद्धा. पण तिच्यासमोर उभा राहिलो की चहा घेतलात का, याच्यापुढे गाडी जात नाही. तिचे नऊ महिने मी दीड ओळीत पुसून टाकले, मावशी. आणि खरं सांगू? उद्या पुन्हा बोलावलं तर पुन्हा करीन."

टपालबाईंना दोन-तीन वचनं आठवली. अशा वेळी त्यांना वचनं चटकन आठवत, आणि मंडळीत त्यांची त्यासाठी ख्यातीही होती. आज आठवलेली त्यांनी तोंडाबाहेर काढली नाहीत.

"चहा प्या," त्या म्हणाल्या. "निवतोय."

दुपारी तो खुर्च्या आवरायला सभागृहातच थांबला. टपालबाई आणि नर्स घरी आल्या, जेवल्या, आणि उन्हं कलल्यावर गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या. सगळ्यात शेवटी मोठी चादर उरली. दोघींनी दोन-दोन टोकं धरली, ताणली, झटकली.

"मावशी, पुढच्या रविवारच्या सभेला मी जाणार नाही."

"का गं? आज तर छान बोललीस. मलाच तेवढं तोंड लपवायला जागा उरली नाही."

"नळाचं सांगता येतं. बाकीचं येत नाही." टोकाला टोक जुळवायला ती जवळ आली. "पाळक म्हणाले ते खरं नाही. सही झाली होती."

टपालबाईंच्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं.

"यांनी केली. यांना वाटतं मला माहीत नाही. पण सोडताना कागद वाचून दाखवायचा नियम असतो तिथं. कारकुनानं वाचला. मी म्हटलं, बघू. सही बघितली तर ओळखू येईना. यांची रेघ कधी हलत नाही हो, मावशी. आणि ती सही अशी होती, जणू धावत्या गाडीत केली आहे."

ती मागे गेली. चादर पुन्हा ताणली गेली. आता दोघींमध्ये सात-आठ हातांचं अंतर होतं आणि ती मोठ्यानं बोलत होती. एका कानानं ऐकणाऱ्या माणसाला आपला आवाज किती चढला ते कळत नाही.

"राग आला?" टपालबाईंनी विचारलं.

"आला. नऊ महिने मी जे तोंडातून काढलं नाही, ते यांनी मला न विचारता लिहून दिलं. इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. पण त्या टेबलापासून फाटकापर्यंत बावीस पावलं होती. मी मोजली. प्रत्येक पावलाला मला थांबता येत होतं. मागे वळून म्हणता आलं असतं, ही माझी सही नाही, हे माझं म्हणणं नाही, मला परत आत घाला. कुणी अडवलं नसतं. उलट आनंदानं घातलं असतं." तिनं चादरीची टोकं छातीशी धरली. "मी चालत गेले, मावशी. बावीसच्या बावीस. फाटकाबाहेर हे उभे होते. एवढेसे झाले होते. मी बघितलं आणि मला फक्त घरी जायचं होतं."

टपालबाई हळूहळू पुढे आल्या, तिच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"हे त्यांना का नाही सांगत?"

"सांगितलं तर ते माझी माफी मागतील. मग मला माफ करावं लागेल. आणि मी कोण माफ करणारी? फायदा तर मीच घेतला. त्यात आता लोक मला उभं करून टाळ्या वाजवणार, आणि हे खाली बसून ऐकणार." तिनं तळहातानं डोळे पुसले. "मला वाटतं, मी बोलले की आमचं जे काय उरलंय तेही मोडेल. म्हणून आपली चहाची चौकशी करत राहते."

टपालबाईंनी चादरीची घडी घातली. ती नीट बसली नाही, म्हणून मोडून पुन्हा घातली. अडतीस वर्षं दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही, हा एक नियम त्यांनी पाळला होता. आज सकाळपासून मात्र दोन पाकिटं त्यांच्या हाती आली होती, दोन्ही उघडी, दोन्हींत मजकूर एकच, आणि पाठवणारे दोघं एकाच खोलीत झोपत होते.

"पोरी," शेवटी त्या म्हणाल्या, "तुझा पत्ता चुकलाय. हे माझ्याकडे यायचं नव्हतं."

नर्सनं त्यांच्याकडे बघितलं. टपालबाईंनी कपड्यांचा ढीग उचलला आणि त्या जिन्याकडे वळल्या.

खाली तो नुकताच आला होता. कोरा कागद टेबलावर सरळ करून ठेवला होता, शेजारी पेन. पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं. दोघींना बघून तो उठून उभा राहिला.

"बसा, जावईबापू," टपालबाई म्हणाल्या. त्यांनी कपडे पलंगावर टाकले, खुंटीवरची शाल घेतली. "हिला तुमच्याशी बोलायचंय. आणि मला वाटतं तुम्हालाही हिच्याशी बोलायचंय. मध्ये चहा करू नका. साखर संपलीये."

साखर संपलेली नव्हती. दोघांपैकी कुणी काही बोलायच्या आत त्या बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं.

कुठं जायचं हे ठरवलं नव्हतं. त्या तीन मजले उतरल्या, कोपऱ्यावरच्या टपाल पेटीपर्यंत गेल्या, उगाच पेटीवरची वेळ वाचली, परत आल्या. कुठल्याशा खिडकीत कुणीतरी बाजाची पेटी वाजवायला शिकत होतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा. आपण केलं ते बरं की वाईट, हे त्यांना कळत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी जी पत्रं ज्याची त्याला पोचवली, त्यांत कितीतरी वाईट बातम्याही असणारच. पण तेव्हा दार वाजवून, पाकीट टाकून पुढच्या घरी जाता येत होतं. हे घर त्यांचंच होतं.

पाऊण तासानं त्या पुन्हा जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर पोचल्या आणि थांबल्या.

वरून आवाज येत होता. नर्सचा. एवढा मोठा आवाज तिच्यात असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मला विचारायचं तरी होतंस! एकदा! निरोप तरी पाठवायचा होतास! तू कोण ठरवणार माझं?"

मग काहीतरी आपटलं. भांडं असावं, काच नव्हे. टपालबाई उरलेल्या पायऱ्या हळू चढल्या आणि आपल्याच दारापाशी, वरच्या पायरीवर बसल्या. गुडघे दुखत होते.

खालून पावलं वाजली. पाळकांच्या पत्नी, पाळकबाई होत्या, हातात झाकलेला डबा, चढून चढून धाप लागलेली.

"अगं बाई, तुम्ही अशा बाहेर का? किल्ली विसरलात? पाहुण्यांसाठी थोडं जेवण आणलंय. आणि यांनी सांगितलंय, तो कागद लिहून झाला असेल तर घेऊन ये."

"कागद नाही व्हायचा," टपालबाई म्हणाल्या.

"म्हणजे? उद्या छापायला जायचाय."

"दुसरं काहीतरी छापा म्हणावं. मी सकाळी येते आणि पाळकांशी बोलते. सुटका कशी झाली ते आपल्याला ठाऊक नाही, एवढंच सांगीन. बाकीचं सांगायचं असेल तर ती दोघं सांगतील, नसेल तर नाही. आणि नाही सांगितलं तरी ती माझ्याच घरी राहणार."

पाळकबाई आणखी काही विचारणार होत्या, तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"हे... हे त्यांचं चाललंय?"

"हो."

"आज सकाळी इतकी सुंदर साक्ष दिली तिनं!" पाळकबाई कुजबुजल्या. "आता भांडतायत? आपण आत जाऊन सोडवायला नको का? कशावरून भांडतायत?"

"घरचं आहे," टपालबाई म्हणाल्या. "बसा. जेवण गरम आहे ना? गरमच राहू दे."

पाळकबाईंनी दाराकडे बघितलं, टपालबाईंकडे बघितलं, आणि डबा मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसल्या. खिडकीतली पेटी थांबली होती. आत क्षणभर काहीच ऐकू येईना, इतकं की टपालबाईंनी उठायला म्हणून भिंतीला हात टेकला.

मग आवाज पुन्हा चढला. या वेळी तो त्याचा होता.